घोडीवरची गाडी

हैदराबादमधल्या पुतलीबावलीच्या या दुकानात काउंटरवर कोपर टेकायला जागा नाही. शनिवारची संध्याकाळ आहे. सहा वाजून गेलेत, तरी मे महिन्याचं ऊन समोरच्या शटरवरून उतरायला तयार नाही. दुकान रुंदीला जेमतेम आठ फूट, आणि आत दिवा पुरत नाही इतकं खोल. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खोकी. त्यांच्यावर स्केचपेनने लिहिलेले आकडे फक्त इथल्या पोरांना कळतात. एक पोरगा शिडीवरच असतो. हाक आली की तो वरून खोकं सोडतो, खालचा न बघता झेलतो. रबर, ग्रीस आणि नवा पुठ्ठा यांचा मिळून एक वास आहे. तो कपड्यांना लागून घरी येतो.

नुसतं नाव सांगून इथे भागत नाही. जुना भाग आणायचा आणि काउंटरवर ठेवायचा. माझ्या शेजारचा फडक्यातून एक झिजलेला बुश काढतो. त्याच्या पलीकडचा फोनवर फोटो दाखवतो, तर काउंटरवाला बघतही नाही. "फोटो नक्को भाई, माल दिखाओ." तिसऱ्याने आणलेली वस्तू इतकी झिजली आहे, की ती मुळात काय होती यावरूनच दोघांचा वाद चाललाय. रांग अशी नाहीच. माणसांचे तीन थर आहेत, आणि ज्याचा हात लांब त्याचा नंबर आधी.

दादा दुसऱ्या थरात आहे. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खिशाला पेन आणि टेस्टर. चर्लापल्लीच्या औद्योगिक वसाहतीत तो मेंटेनन्स फिटर आहे. शिफ्ट सुटली की शनिवारी घरी न जाता आधी इथे येतो. गल्लीत लहानथोर सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही.

"वॅगन आर, बारा का मॉडेल. सामने के पॅड."

"कंपनी, ओईएम, लोकल?"

तीन खोकी समोर येतात. सगळ्यात महाग तेराशेच्या आसपास, सगळ्यात स्वस्त त्याच्या निम्म्याहून कमी. दादा तिन्ही उघडतो. पॅडच्या पाठीवरचा छाप बोटाने चाचपतो. होलोग्राम नखाने खरवडून बघतो. मधलं खोकं बाजूला घेतो आणि स्वस्तातलं परत ढकलतो. काउंटरवाला उगीच एकदा म्हणून बघतो, "येइच चलता सबको." दादा मान हलवतो. "ब्रेक में नक्को."

मग बारीकसारीक खरेदी. ऑइल फिल्टर दोन. ड्रेन प्लगचे वॉशर दहा. ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, अर्धा लिटरचा. घरी अर्धा भरलेला डबा आहे, पण तो उघडून बरेच दिवस झालेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 3 प्रतीचं ताजं ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येऊ शकते. घाटात ब्रेक दाबून दाबून तापले आणि आत वाफ झाली, तर पेडल पायाखालून निघून जातं. हे सगळं दादा मला काउंटरवर सांगतो, कोपराने तिसऱ्या थराला थोपवत.

बिलावर जीएसटी 18 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पर्यंत गाडीच्या बहुतेक भागांवर तो 28 होता. काउंटरवाला शटरकडे बोट दाखवून सांगतो, उद्या बंद. ते सांगायची गरज नसते. रविवारी काय मोडलेलं निघेल याचा अंदाज शनिवारीच बांधावा लागतो. दादाच्या रविवारच्या गाडीदुरुस्तीच्या जोडधंद्याचं निम्मं डोकं तिथेच खर्च होतं.

*

रविवार, सकाळचे सहा. काचिगुडा स्टेशनच्या मागच्या बाजूची गल्ली. इंजिनाची शिट्टी घरात आल्यासारखी ऐकू येते, पाठोपाठ तीन भाषांतली घोषणा. याच स्टेशनातून नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडकडे गाड्या जात आल्या. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा राजधानीला यायचं म्हणजे इथे उतरायचं. उतरलेल्यांतले काही कोर्टकचेऱ्यांत लागले, काही शाळांत, काही रेल्वेत, आणि या आसपासच्या गल्ल्यांतच राहिले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंचं मराठी ऐकलं की ते परभणीचं वाटतं, आणि मध्येच "हौ" आला की हैदराबादचं.

गल्ली बारा फुटी आहे, दक्षिणोत्तर. दादा आल्याआल्या वर बघतो. सकाळची सावली पूर्वेकडच्या इमारतीची. ती दहापर्यंत टिकते. दुपारी दोननंतर पश्चिमेची भिंत सावली द्यायला लागते. मधले चार तास कुणाचेच नाहीत. म्हणून छोटी कामं पूर्वेला आणि लांबणारं काम पश्चिमेच्या भिंतीला. घोडीवर चढवलेली गाडी सावलीमागे सरकवता येत नाही.

वॅगन आर पश्चिमेला लागते. तिच्यावर ताडपत्री, तिची एक दोरी काकूंच्या गॅलरीच्या गजाला, दुसरी विजेच्या खांबाला. दारांतल्या रांगोळ्या ओल्या आहेत. दादा त्यांना वळसा घालून जमिनीवर जुनं फ्लेक्स पसरतो. कुठल्याशा वाढदिवसाचं आहे. त्यावरचे नेते हात जोडून हसतायत, आणि तेलाचं पातेलं नेमकं त्यांच्या फेट्यावर येतं.

मग हत्यारं. लोखंडी पेटी उघडते ती दोन्हीकडे पायऱ्या करत. सॉकेट सेट, रिंग पाने, टी-पाना, पक्कड, ट्रॉली जॅक, दोन घोड्या, हातदिवा, ग्रीस गन आणि एक टॉर्क पाना. टॉर्क पाना फडक्यात गुंडाळलेला असतो आणि दादाच्या हाताखालच्या आयटीआयच्या पोराला त्याला हात लावायची परवानगी नाही. सगळं मिळून वीसेक हजारांत जमलं, दादा सांगतो. निम्मं नवं. बाकीचं एर्रागड्ड्याच्या रविवारच्या जुन्या बाजारातून, एकेक उचलून, आटे तपासून. पेटीच्या तळाला एक जाडजूड पाना आहे, काळा पडलेला. आजोबांचा. त्यावरचं माप इंचांतलं, व्हिटवर्थ. आजच्या कुठल्याही बोल्टला तो बसत नाही. निजामाच्या रेल्वेने 1932 साली रस्त्यावर बस काढल्या तेव्हा सुरुवातीला 27 गाड्या होत्या आणि 166 माणसं. त्या काळातल्या विलायती गाड्यांना हेच पाने लागायचे. दादा तो तरफ म्हणून वापरतो.

दारावर पाटी नाही. नेमणूकपत्रात दुसरा धंदा करू नये असं कलम असतं, बहुतेकांच्या असतं. महापालिकेच्या ट्रेड लायसन्सचा अर्ज भरून ठेवलाय. त्याचं शुल्क जागेच्या चौरस फुटांवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. पण जागा दाखवायची कुठली? बारा फुटी गल्लीतली ताडपत्रीखालची? अर्ज पेटीच्या झाकणात खोचलेला आहे. वीस लाखांची उलाढाल झाल्याशिवाय जीएसटीची नोंदणी लागत नाही, ही त्याला फार करमणुकीची गोष्ट वाटते. मला विचाराल तर या जागेचं खरं लायसन्स वरच्या गॅलरीत उभं असतं, साडी खोचून, आणि ते दर रविवारी नव्याने मिळवावं लागतं. आठच्या आत हातोडी चालवायची नाही. संध्याकाळी गल्ली धुऊन द्यायची. आमची पाण्याची मोटर अडकली की बिनपैशात बघायची.

*

पहिली गाडी अल्टो. ऑइल बदलायचंय. पोराने ती दहा मिनिटं चालवून आणलीय, कारण थंड ऑइल तळाला चिकटून राहतं. ड्रेन प्लग सुटतो, काळी धार पातेल्यात पडते. गडद, चकचकीत, वाफाळलेली. तिघे बघत उभे. माणसाला वाहतं तेल बघायला का आवडतं कळत नाही, पण पेपर आणायला निघालेले एक आजोबाही थांबतात.

धार बारीक होते, मग थेंब. दादा घाई करत नाही. नवा वॉशर, नवा फिल्टर. फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने ऑइलचा हात. आणि फिल्टर हातानेच आवळायचा, पान्याने नाही. नवं ऑइल तीन लिटरच्या आतबाहेर जातं. जुनं गाळून वीस लिटरच्या कॅनमध्ये. ते गटारात सोडणं गल्लीतल्या कुणालाही सोपं वाटेल. कायद्याने ते घातक कचरा आहे, आणि नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच जायला हवं. दादा कारखान्यात हेच नियम पाळतो, त्यामुळे हात तसाच वळतो. कॅन भरला की माणूस येऊन घेऊन जातो.

अल्टो पाऊण तासात सुटते. मजुरी अडीचशे.

तिची जागा रिकामी होते न होते तोच एक पांढरी डिझायर गल्लीत नाक घालते. पिवळी पाटी, टीएस नंबर. 2014 मध्ये राज्य झाल्यावर एपीचं टीएस झालं, 2024 च्या मार्चपासून नव्या गाड्यांना टीजी. तिन्ही पाट्या आता या गल्लीत एका ओळीत उभ्या आहेत. ड्रायव्हर काच खाली करतो. "अन्ना, चेक लाइट वच्चिंदि." गाडी धडधडतेय. फोनवर त्याचं ॲप चालूच आहे, टुणटुण वाजतंय. प्रत्येक टुणटुणीला त्याची नजर खाली जाते.

दादा स्टिअरिंगखाली वाकतो. सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढा स्कॅनर बसवतो. हा ब्लूटूथवाला, हजाराच्या आतला. 2013 च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांत हे सॉकेट नियमानेच आलं. फोनवर अक्षरं उमटतात. पी 0301. पहिल्या सिलिंडरमध्ये आग नीट लागत नाही.

"कॉइल गया क्या?" ड्रायव्हर लगेच.

"रुको."

इथे दादा जे करतो ते बघण्यासारखं आहे. कॉइल बदलत नाही. पहिल्या सिलिंडरवरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसतो. गाडी चालू करून ठेवतो. आम्ही सगळे फोनकडे बघत उभे. इंजिन तसंच अडखळतंय. दोन मिनिटं. तीन. ड्रायव्हरच्या ॲपवर एक भाडं येऊन निघून जातं. मग कोड येतो: पी 0302. बिघाड कॉइलबरोबर दुसऱ्या घरात गेला. म्हणजे दोष कॉइलचाच. कोड पी 0301 वरच राहिला असता, तर प्लग किंवा इंजेक्टर बघावा लागला असता, आणि कॉइलचे पैसे वाया गेले असते.

कॉइल दादाकडे नाही. तो तिचा फोटो काढू देतो, वरचा नंबर लिहून देतो. ड्रायव्हर दोनशे रुपये देतो आणि धडधडत निघून जातो, उद्या सकाळी पुतलीबावलीला. शिकवणीचे पैसे, असं पोरगा म्हणतो. हा पोरगा आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या कोर्सला आहे. तिथे इंजिनं ओट्यावर ठेवलेली असतात, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, आणि कुणालाही कामावर जायची घाई नसते.

*

नऊ वाजता वॅगन आरचे काका खाली येतात. निवृत्त, पांढरा बनियन, हातात कागदी कपातला चहा सगळ्यांसाठी. उद्या पहाटे त्यांना नांदेडला निघायचंय, भाचीचं लग्न. पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता, संगारेड्डीवरून देगलूर करत. गाडीत पाच माणसं आणि रुखवत.

"दादा, होईल ना रे आज?"

"पॅड तर लगेच होतील, काका. मागचं उघडून बघतो, मग सांगतो."

"मागचं कशाला उघडतोस? आवाज पुढून येतोय."

दादा उत्तर देत नाही. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतो. मग जॅक, मग घोड्या. गाडी घोडीवर टेकल्यावर तो तिला खांद्याने दोनदा जोरात ढकलतो. हलायची असेल तर आत्ताच हलू दे, म्हणतो. मी खाली गेल्यावर नको.

पुढचं काम वाचून दाखवल्यासारखं होतं. कॅलिपर वर उचलला जातो. जुने पॅड निघतात, त्यांचं मटेरियल दोन-अडीच मिलिमीटरवर आलेलं. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी किती हवी ते कोरलेलं असतं. दादा व्हर्नियर लावतो, डिस्क अजून चालेल. पिस्टन मागे दाबताना बॉनेटखालच्या बाटलीत ब्रेक ऑइल वर चढतं, पोरगा तिथे फडकं घेऊन उभा. रंगावर थेंब पडला तर रंग जातो.

साडेदहाला मागचा डावा ड्रम. तो निघत नाही. गंजून बसलाय. ड्रमला दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळत जायचं. एक पीळ इकडे, एक पीळ तिकडे. कर्र आवाज येतो, ड्रम सुटतो. आतली काळी भुकटी. पोरगा तोंडाने फुंकर मारायला जातो, दादा त्याची मान मागे ओढतो. पाण्याची फवाऱ्याची बाटली घेऊन भुकटी ओली करतो, मग पुसतो. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं. नव्यात नसलं तरी फुंकून घरी काय न्यायचं?

आणि मग सगळे गप्प. व्हील सिलिंडरच्या रबराखालून ओलं दिसतंय. ब्रेक ऑइल झिरपतंय, एका बाजूचा लायनर भिजलाय.

काका वाकून बघतात. "हे असंच चाललं नसतं का नांदेडपर्यंत?"

"गेला असतात तुम्ही," दादा म्हणतो. "थांबला असतात की नाही ते माहीत नाही."

आता दुकानं बंद आहेत. पोरगा स्कूटरची किल्ली घेऊन तयार. जांबागला एक दुकानदार दुकानाच्या वरच राहतो, फोन केला तर अर्धं शटर उघडतो. पण दादा त्याला सोडत नाही. आधी सिलिंडरला येणाऱ्या ब्रेक पाइपचा नट सुटतोय का बघायचं. हा नट छोटा, मऊ आणि चौदा पावसाळे खाल्लेला. त्याचे कोपरे गोल झाले किंवा पाइप पिळला गेला तर पाइपही लागणार. मग पोराला दोन फेऱ्या. आणि पाइप मिळाला नाही, तर गाडी आज घोडीवरून उतरत नाही.

नटावर गंज सोडवणारं तेल मारलं जातं. वीस मिनिटं थांबायचं.

*

साडेअकरा. सावली कधीचीच संपलीय. ताडपत्रीखाली ऊन गाळून येतं, पण हवा येत नाही. कुणाच्या तरी फोनवर 41 अंश. जमिनीवर ठेवलेला पाना उचलला की हाताला चटका बसतो, म्हणून हत्यारं आता ओल्या गोणपाटावर. घाम दादाच्या भुवयांवरून चष्म्यावर पडतो. समोरच्या घरातला कूलर घरघरतो, आणि त्याच्या मागच्या बाजूने आमच्याकडे फक्त आवाज येतो.

थांबण्याच्या वेळात गिऱ्हाइकं येतात. कामं कमी, प्रश्न जास्त. एक जण नवी विजेवरची गाडी घेऊन उभा. राज्याने 2024 च्या नोव्हेंबरपासून विजेच्या गाड्यांचा रोड टॅक्स माफ केला, तेव्हापासून गल्लीत अशा दोन आल्या. दादा टायरची हवा बघतो, वायपर बदलून देतो, नारिंगी केबल दिसली की हात मागे घेतो. दुसऱ्याला स्टिअरिंगवरचा एअरबॅगचा लाल दिवा घालवून हवाय. तेही नाही. तिसरा एसीचा गॅस भरतोस का विचारतो. नाही. कोपऱ्यावरची पांढरी मारुती 800 मात्र दर रविवारी येते, बॅटरीला चालना द्यायला. 2010 मध्येच या शहरात तिची विक्री थांबली, 2014 च्या जानेवारीत कारखान्यातूनही ती संपली. मालक तिच्यात बसून स्टेशनपर्यंत जाऊन येतात, एवढंच. तिला दादा कधी नाही म्हणत नाही. दोन वायरी लावल्या, सेल्फ मारला, झालं.

"इतकी कामं सोडतोस," मी म्हणतो.

"रविवारी उघडलेलं रविवारी बंद झालं पाहिजे. सोमवारी सहाला पंच आहे माझा."

तो उठतो. ब्रेक पाइपसाठीचा खास रिंग पाना घेतो, तोंडाची एक बाजू कापलेला, पाइपवरून सरकवता येईल असा. नटाला हातोडीने दोन हलके ठोके. पाना बसवतो. दाबतो. काही नाही. पुन्हा तेल, पुन्हा ठोके. काका गॅलरीखाली उभे, काकू गॅलरीत. दादा पाना सोडतो, हात पुसतो, पुन्हा धरतो. या वेळी सोडवायच्या ऐवजी किंचित आवळतो. केसभर. मग उलटा.

टक्.

"जा," तो पोराला म्हणतो. पोरगा गेलासुद्धा. सव्वाबारा.

*

पुढचा दीड तास गल्लीत काहीही होत नाही. याच्याबद्दल लिहायला कुणाला आवडत नाही, पण गॅरेजमधला बराचसा वेळ हाच असतो. गाडी घोडीवर, एक चाक जमिनीवर पडलेलं, पाइपच्या तोंडाला रबरी टोपी. काकू वरून टोपलीत ताक पाठवतात. वरणाच्या फोडणीचा वास, पलीकडून बिर्याणीचा. दादा फ्लेक्सवर आडवा होतो. फोनवर दुकानदाराचा मिस्ड कॉल. मग पोराचा: दुकानदार जेवतोय. मग पुन्हा पोराचा: डावा हवा का उजवा?

"डावा," दादा डोळे न उघडता सांगतो. आणि मग उठून बसतो. "उजवाही घे. एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही वय तेवढंच."

पावणेदोनला पोरगा परततो, शर्ट पाठीला चिकटलेला, पिशवीत दोन व्हील सिलिंडर आणि मागच्या लायनरांचा सेट. आता पश्चिमेच्या भिंतीची सावली चाकापर्यंत आली आहे. ताडपत्री सुटते. काम वेगात. स्प्रिंगा पकडीने ओढून बसवताना एक उडते आणि समोरच्या तुळशीवृंदावनाच्या कुंडीत जाते; ती शोधण्यात दहा मिनिटं.

चार वाजता हवा काढायची. ब्रेकच्या पाइपांत गेलेला हवेचा बुडबुडा पाय दाबल्यावर दबतो आणि ब्रेक लागत नाही. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. पोरगा आत बसतो, पेडलवर पाय. दादा खाली, निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत.

"मार."

तीन वेळा.

"धर."

निपल अर्धा फेरा सुटतो, नळीतून फेस.

"धरून ठेव. सोडू नको." निपल बंद. "हं, सोड."

मार, धर, सोड. काका बॉनेटपाशी बाटलीतली पातळी बघतायत. ती तळाला जाऊ द्यायची नाही, नाहीतर पुन्हा हवा. आता त्यांनाही काम मिळालंय आणि ते प्रत्येक वेळी मोठ्याने पातळी जाहीर करतात. मार, धर, सोड. मुलं जमून तालावर म्हणायला लागतात. बुडबुडे मोठ्याचे बारीक होतात, मग तुटक, मग नळीत नुसतं स्वच्छ पिवळसर ऑइल. चार चाकं, एक तास.

चाकं चढतात. गाडी खाली. आता फडक्यातला टॉर्क पाना निघतो. चाकाच्या नटांना 85 न्यूटन-मीटर. कट् आवाज आला की थांबायचं. पोराच्या मते अंगाच्या जोरावरही तेवढंच होतं. दादा त्याला म्हणतो, अंगाचा जोर सकाळी एक असतो आणि आत्ता एक.

चाचणीला मी मागे बसतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी वीसच्या वेगात, ब्रेक. निंबोलीअड्ड्याकडे चाळीस, ब्रेक. स्टिअरिंग ओढतंय का बघायला दादा क्षणभर हात सैल सोडतो. रिक्षावाला शिव्या देतो. गाडी सरळ थांबते. परत आल्यावर तो चारही चाकांजवळ हात नेतो, न टेकवता. कुठलं जास्त तापलंय? कुठलंच नाही. मग मागच्या दोन्ही चाकांखाली हातदिवा. कोरडं.

काकांचा हिशेब वहीतल्या पानावर. भागांच्या पावत्या जोडलेल्या, मजुरी आठशे. काका साडेसातशे म्हणतात, काकू वरून "आठशे द्या" म्हणतात, क्यूआर कोडचा डबा तेलुगूत आठशे जाहीर करतो.

*

साडेसहाला गल्ली धुवायची असते, आणि नेमकी तेव्हाच इनोव्हा येते. मोठी, चांदीच्या रंगाची, आतला माणूस घाईत. गिअर पडत नाहीत. दोन गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलंय. इथे कुणीतरी पाठवलं. ॲडव्हान्स पाच हजार आत्ता, हातात.

दिवसभराची मजुरी मी मनात मोजतो. अडीचशे, दोनशे, आठशे आणि किरकोळ. दीड हजारही नाही.

दादा ओले हात पँटला पुसून आत बसतो. इंजिन चालू, क्लच दाबून पहिला गिअर. कर्कश खरखर. रिव्हर्स. खरखर. मग तो इंजिन बंद करतो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. सगळे आवाज न करता पडतात. पुन्हा चालू, पुन्हा खरखर. पुन्हा बंद, पुन्हा साफ. खाली उतरून बॉनेट उघडतो, क्लचच्या ऑइलची बाटली बघतो. तळाला आलेली.

"मी हे काम घेत नाही, साहेब."

माणूस चिडतो. पाचाचे सात करतो. एवढ्या लांबून आलोय, म्हणतो.

"ऐका. इंजिन बंद असताना गिअर बरोबर पडतायत. म्हणजे गिअरबॉक्सला आधी हात लावायचं कारण नाही. तुमचा क्लच पुरता सुटत नाहीये. ऑइल कुठून तरी जातंय. क्लचचा खालचा सिलिंडर बघायला सांगा आधी. तो असेल तर छोटं काम आहे. तो नसला आणि प्लेट असली, तरच गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि तो मी इथे जमिनीवर पडून एकटा उतरवू शकत नाही. सोमवारी सकाळी जा. गिअरबॉक्सचं नाव तुम्ही काढू नका. इंजिन बंद असताना पडतात, एवढंच सांगा."

माणूस पाकीट हातात धरून उभा. "आणि तुमचे किती?"

"काही नाही. गाडी मागे घ्या." दादा झाडू उचलतो. "आज पाण्याचा दिवस आहे. सातला नळ येतो, आणि तुम्ही बरोबर नळाच्या तोंडावर उभी केलीय."